उताऱ्यात आहे तेवढंच

कॅम्पात, भोपळे चौकाच्या मागच्या बोळात,
बेकरीच्या वरच्या मजल्यावर सात ते साडेआठ.
खालून नानकटाईचे ट्रे निघायच्या वेळेलाच
खानझोडे मॅडम म्हणतात,
चला, प्रेझेंट परफेक्ट.

दिवसभर मी फॉल-पिको करते.
जांभळा, आमसुली, मोरपंखी,
बोटाला चिकटलेला धागा वहीत येतो.
समास आखते तो टीप मारल्यासारखा सरळ,
आतलं सगळं मात्र उसवत जातं.

आय गो. आय वेंट. आय हॅव गॉन.
तिसऱ्यापाशी माझी सुई अडते.
गेलंय, तर मग हॅव कशाला?
मॅडम फळ्यावर टेबल काढतात, त्यावर आडवा कप.
चहा सांडला ना? झालं, सांडून गेला.
पण टेबल अजून ओलं आहे. ते हॅव.

आमच्यात असं कुणी पुसून बघत नाही.
निघालेला माणूस म्हणतो, येतो.
आलोच, म्हणतो
तेव्हा त्याच्या पायात चपलाही नसतात.
झालेलं नाही ते झाल्यासारखं सांगतो
आणि घरातले खुशाल चहाचं आधण ठेवतात.

मग उतारा.
मिस्टर हार्पर यांची शेवटची बस चुकली.
त्यांची छत्री ऑफिसात राहिली होती.
ते चालत घरी गेले.
प्रश्न तिसरा: मिस्टर हार्पर चालत का गेले?
मी लिहिलं, त्यांना घरी लवकर पोचायचं नव्हतं.
लाल गोल.
संजीवनीताई, उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं.

मला नेमकं नसलेलंच दिसतं.
झाकून ठेवलेलं ताट दिसतं, वरणावर आलेली साय,
आणि कोपऱ्यावर उगीच थांबलेले हार्पर,
खिशातली किल्ली चाचपत.
ह्याला मार्क नाहीत.

शेजारच्या बाकावर इद्रिस. सुदानचा.
राहतो कोंढव्यात, फार्मसीला जायचंय,
इंग्रजीची परीक्षा आडवी आली आहे.
आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतो.
दोघांचंही घर नाही त्या भाषेत,
त्यामुळे पसारा दिसला तरी लाज वाटत नाही.

परवा पाच वाक्यं होती, माझे घर.
इद्रिस उभा राहिला.
माय हाऊस इज इन ओमदुरमान.
इट हॅज ब्लू डोअर.
देअर इज वन लेमन ट्री.
मॅडम म्हणाल्या, पण आता तू पुण्यात. इज की वॉज?

तो फळ्याकडे बघत राहिला.
तिथे तीन रकाने होते
आणि तो हातात सामान घेऊन उभा,
कुठे उतरवू, अशा नजरेने.
आय डोन्ट नो, मॅडम.
फोन नॉट गोइंग सिन्स एप्रिल.

मॅडमनी तोंड उघडलं.
सिन्स बरोबर वापरलास, म्हणणार होत्या बहुतेक.
मिटलं.
खडू उचलला, खाली ठेवला.
इज तसंच राहिलं फळ्यावर,
डस्टर दुसऱ्या बाजूने फिरला.

जिन्यात मी म्हटलं, येते हं.
तो थबकला. येते, मीन्स?
आय कम.
बट यू आर गोइंग.
येस.
हसला नाही. पायरीवर बसून वही काढली,
उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं
आणि विचारलं, विच टेन्स?

मला कुठे ठाऊक.
चाळीस वर्षं म्हणते आहे,
रकाना कधी बघितला नाही.
तो तीनदा पुटपुटला, येते, येते, येते.
तुझ्यासाठी येतो, मी म्हटलं.
येतो, तो म्हणाला, जरा जोरात,
बेकरीतल्या पोऱ्याने वर बघितलं.

पूलगेटला माझी बस उभीच होती,
दिवे लागलेली, निम्मी रिकामी.
मी भैरोबानाल्यापर्यंत चालत गेले.